पाढ्यात न सापडणाऱ्या संख्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सहावीत आहे. चौथीपर्यंत मराठी शाळेत होती, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. शंभरापर्यंतच्या पंचवीस मूळ संख्यांची यादी तुम्ही तिच्याकडून घोकून घेतली, तरी चाचणीत तिने ५१, ८७ आणि ९१ पुढे ‘प्राइम’ (मूळ) लिहिले, २ पुढे ‘कंपोझिट’ (संयुक्त) लिहिले आणि १ ची जागा कोरीच सोडली. घरी समजावायला बसलात, पण १ दोन्हींत का बसत नाही हे तुम्हालाही सांगता येईना. शेवटी तुम्ही विचारले आहे, ‘सर, यावर एखादी सोपी ट्रिक आहे का?’

ट्रिककडे नंतर येतो. डिचोली तालुक्यात मी सत्तावीस वर्षे गणित शिकवतो आहे आणि ५१ ला फसलेली मुले दरवर्षी भेटतात, त्यामुळे आधी तिच्या चुका नीट वाचू. त्या सुट्या सुट्या चुका नाहीत. ५१, ८७, ९१ या तिन्ही विषम आहेत आणि कुणाच्याही शेवटी ५ नाही. २ सम आहे. म्हणजे पोरीच्या डोक्यात एक पक्का नियम बसला आहे: विषम असेल आणि शेवटी ५ नसेल तर मूळ, सम असेल तर संयुक्त. हा नियम तिला कुणी शिकवला नाही, तिचा तिनेच तयार केला. आणि तो अगदीच टाकाऊ नाही, हीच खरी अडचण आहे. शंभरापर्यंत १, ३, ७ किंवा ९ ने संपणाऱ्या चाळीस संख्या आहेत, त्यांतल्या तेवीस खरोखरच मूळ आहेत. निम्म्याहून जास्त वेळा बरोबर येणारा नियम मूल सहजासहजी सोडत नाही. परीक्षेत घाई झाली की पाठ केलेली यादी मागे पडते आणि हा घरचा नियम पुढे येतो.

म्हणून यादी आणखी घोकून घेण्याने काही साधणार नाही. संख्या मूळ आहे की नाही हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेले नसते. ते तपासावे लागते, आणि तपासायचे काय हेच मुलीला अजून कळलेले नाही.

आता इथे बसून मला दोन गोष्टी कळू शकत नाहीत, त्या तुम्हीच पाहा. पहिली: जेवताना वगैरे सहज विचारा, ‘सतरा त्रिक?’ ती पटकन ‘एक्कावन्न’ म्हणाली, तर पाढे ठीक आहेत, पाढ्यांचा आणि मूळ संख्यांचा काही संबंध आहे हे तिला कुणी दाखवलेले नाही, एवढेच. बोटे मोजू लागली, तर आधी पाढे. दुसरी: विचारा, ‘नऊ ही विषम संख्या आहे की मूळ?’ तिने गोंधळून दोन्हीपैकी एक निवडले, तर घोळ शब्दांचा आहे. ‘ऑड’, ‘प्राइम’, ‘इव्हन’, ‘कंपोझिट’ हे चारही शब्द तिच्यासाठी एकाच वर्षी, एकाच पानावर आलेले नुसते आवाज आहेत.

शब्दांचा घोळ आपल्या गोव्यात जरा जास्तच होतो, कारण माध्यम पाचवीत बदलते आणि हा धडा नेमका त्या वळणावर येतो. माझा अनुभव असा की, वर्गात इंग्रजी असले तरी ही कल्पना आधी मराठीत पोचवावी. आपले शब्द बोलके आहेत. संयुक्त म्हणजे जोडलेली, जसे जोडाक्षर. मूळ म्हणजे जिच्यापासून बाकीच्या होतात ती. १२ फोडत गेलात तर २, २ आणि ३ हाती येतात, आणि मग पुढे फुटत नाही. अक्षर आणि जोडाक्षर ओळखणारे मूल हे लगेच पकडते. एकच जपा: ‘वर्गमूळ’ या शब्दातले मूळ वेगळे. ४९ चे वर्गमूळ ७, म्हणून ‘४९ मूळ’ असे लिहिणारी मुले मी पाहिली आहेत.

आता व्याख्या. माझी नोकरीची पहिली दोन-तीन वर्षे मी सांगायचो, ‘जिला १ ने आणि स्वतःनेच भाग जातो ती मूळ संख्या.’ एकदा एका मुलाने उठून विचारले, ‘सर, मग १ ला १ ने भाग जातो आणि स्वतःनेही जातो. ती मूळ नाही?’ मी म्हणालो, पुस्तकात नाही म्हटले आहे, बस खाली. तो बसला. चूक त्याची नव्हती. माझे वाक्यच ढिले होते. तेव्हापासून मी एकच वाक्य वापरतो: जिचे विभाजक बरोबर दोन, ती मूळ, दोनाहून जास्त, ती संयुक्त. यात सम-विषम कुठेच नाही. २ चे विभाजक १ आणि २, झाले दोन, म्हणून २ मूळ. २ च्या पुढच्या प्रत्येक सम संख्येला १ आणि स्वतः यांशिवाय २ हा तिसरा विभाजक चिकटतोच, म्हणून सम मूळ संख्या ही एकटीच. ९ चे विभाजक १, ३, ९, झाले तीन, म्हणून संयुक्त. आणि १ चा विभाजक फक्त १. एकच. ती दोन्ही खणांच्या बाहेर राहते.

वाक्य सांगून मात्र भागत नाही, हाताने करावे लागते. मी काजूच्या वाळवलेल्या बिया वापरतो. हंगामात घरोघरी असतात, मुले त्यांनी खेळतातही, त्यामुळे सगळ्यांचे हात लगेच पुढे येतात. हंगाम नसेल तर सुपाऱ्या घ्या, चिंचोके घ्या. बारा बिया देऊन म्हणायचे, यांचा भरीव आयत मांड, एकही बी बाहेर उरता कामा नये. तीन ओळी चार-चारच्या होतात, दोन ओळी सहा-सहाच्या होतात, आणि बाराची लांब रांगही होते. मग त्यात एक बी टाकायची. तेरा. मुले पहिल्यांदा दोन ओळी करतात, एक उरते. तीन ओळी करतात, एक उरते. चार ओळी करतात, तरी एक उरते. पाच करतात, तीन उरतात. व्हरांड्यात बसलेली एक मुलगी शेवटी वैतागून कोकणीत म्हणाली होती, ‘सर, हाचो चौकोन जायना, रांगूच जाता.’ मी म्हटले, हेच. रांगच होते, आयत होत नाही, तीच मूळ. यापेक्षा चांगली व्याख्या मी अजून कुठे ऐकलेली नाही.

आणि १ चे उत्तरही याच खेळात मिळते. तेराची रांग आडवी घाला, मग उभी घाला. दोन मांडण्या झाल्या, म्हणजे दोन विभाजक. आता एकच बी जमिनीवर ठेवा. आडवी ठेवली काय, उभी ठेवली काय, मांडणी एकच. तुमच्या मुलीला एवढे पुरेल.

तुमच्यासाठी थोडे पुढचे. १ ला बाहेर ठेवणे हा गणितज्ञांनी सोयीसाठी घेतलेला निर्णय आहे, आणि तो नेहमी असाच नव्हता. १७४२ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने ऑयलर या थोर गणितज्ञाला जे प्रसिद्ध पत्र लिहिले, त्यात त्याने १ ला मूळ धरले होते. १९१४ मध्ये लेमर या अमेरिकन गणितज्ञाने एक कोटीपर्यंतच्या मूळ संख्यांची यादी छापली, तिचीही सुरुवात १ पासूनच होती. मग बाहेर का काढली? कारण प्रत्येक संयुक्त संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात एकाच प्रकारे फुटते, हा अंकगणिताचा पाया आहे. १२ म्हणजे २ × २ × ३. क्रम बदला, अवयव तेच राहतात. १ ला मूळ मानले तर १ × २ × २ × ३, १ × १ × २ × २ × ३, असे हवे तितके प्रकार होतात, आणि प्रत्येक नियमापुढे ‘१ सोडून’ असे शेपूट लावावे लागते. त्यापेक्षा १ लाच वेगळे ठेवणे सोपे. मुलांना ‘हे ठरवले आहे, आणि असे ठरवण्याचा फायदा हा’ असे खरे सांगितले तर ती ऐकतात, असा माझा अनुभव आहे. ‘असतंच तसं’ म्हटले की गणित म्हणजे हुकूम, अशी समजूत होते.

आता पाढे. माझ्या मते तुमच्या मुलीसाठी मुख्य औषध हेच.

पाढ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहा. ‘सतरा त्रिक एक्कावन्न’ म्हणजे काय? ५१ बियांचा आयत होतो, सतरा-सतराच्या तीन ओळी. ‘एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी’, ‘तेरा साते एक्याण्णव’. तिने चुकवलेल्या तिन्ही संख्या जुन्या पाढ्यांत मोठ्याने म्हटलेल्या आहेत. जी संख्या एक सोडून दुसऱ्या कुणाच्या पाढ्यात ऐकू येते, ती संयुक्त. जी फक्त स्वतःच्या पाढ्याच्या पहिल्या ओळीत आणि एकच्या पाढ्यात येते, ती मूळ. तेवीस शोधा. ‘तेवीस एके तेवीस’, बाकी कुठेच नाही.

हल्ली बहुतेक मुलांचे पाढे दहापर्यंत किंवा फार तर वीसपर्यंत असतात. दहापर्यंतच्या पाढ्यांत दहाच ओळी म्हटल्या तर २२ सुद्धा सापडत नाही, ५१ तर दूरच. मग मुलाला वाटते, ही कुठल्याच पाढ्यात नाही, म्हणजे मूळ. विचार बरोबर आहे, पाढेच अपुरे पडतात. मी एकदा कागद घेऊन तपासले: दोनपासून तीसपर्यंतचे पाढे दहा-दहा ओळींचे येत असतील, तर शंभरापर्यंतच्या ७४ संयुक्त संख्यांपैकी किती निसटतात? फक्त सहा. ६२, ७४, ८२, ८६, ९४ आणि ९३. पहिल्या पाच सम आहेत, त्यांना कुणी फसत नाही. उरली ९३, म्हणजे ३१ त्रिक. आपल्या आज्यांनी तीसपर्यंत पाढे घोकून घेतले ते बाजारहाटाच्या हिशेबासाठी, पण त्या पोतडीत मूळ संख्यांचा जवळजवळ सगळा धडा होता.

तीसपर्यंत पाढे आज मुलांकडून होत नाहीत, हे मलाही माहीत आहे. घरात त्यावरून भांडण होणार असेल तर सोडून द्या. मग दुसरी वाट, भागून पाहण्याची. शंभरापर्यंतच्या कुठल्याही संख्येसाठी २, ३, ५ आणि ७ एवढ्या चारांनीच तपासायचे. पुढे जायचे नाही. का, ते तिला ३६ वर दाखवा: १ × ३६, २ × १८, ३ × १२, ४ × ९, ६ × ६, आणि यापुढे ९ × ४, म्हणजे जोड्या उलट्या होऊन परत येऊ लागतात. जोडीतला धाकटा विभाजक नेहमी मधल्या काट्याच्या (३६ साठी ६) अलीकडे किंवा काट्यावरच असतो. १०० साठी तो काटा १० वर आहे आणि १० च्या आतल्या मूळ संख्या चारच. ४ ने वेगळे तपासायला नको, कारण ४ ने जाणार ती २ ने आधीच गेलेली असते.

२ आणि ५ डोळ्यांनीच दिसतात. ३ साठी अंकांची बेरीज: ५ + १ = ६, ८ + ७ = १५, दोन्हींना ३ ने निःशेष भाग जातो, म्हणजे ५१ आणि ८७ दोन्ही गेल्या. ५७ ही तशीच गेली. विसाव्या शतकातला ग्रोथेंडिक हा फार मोठा गणितज्ञ, त्याने एकदा बोलण्याच्या भरात ५७ ला मूळ म्हटले, असा किस्सा गणितवाल्यांत सांगतात. मुलीला जरूर सांगा, तिला बरे वाटेल.

राहिला ७, आणि त्याची एक गंमत आहे. २, ३ आणि ५ या तिघांच्या हातून सुटून फक्त ७ ला सापडणाऱ्या संख्या शंभरापर्यंत तीनच आहेत: ४९, ७७ आणि ९१. सात साते एकोणपन्नास, अकरा साते सत्त्याहत्तर, तेरा साते एक्याण्णव. पहिल्या दोन मुलांना माहीत असतात. म्हणजे लक्षात ठेवण्यासारखी भामटी संख्या एकच, ९१. पंचवीस मूळ संख्या पाठ करण्याऐवजी हा एक चोर पाठ करणे मला स्वस्त वाटते.

एखाद्या रविवारी वेळ असेल तर १ ते १०० संख्या दहा रकान्यांऐवजी सहा रकान्यांत लिहून घ्या. पहिल्या ओळीत १ ते ६, दुसऱ्या ओळीत ७ ते १२, असे. आता २ ठेवून त्याच्या पटी खोडायला लागा: दुसरा, चौथा, सहावा रकाना उभाच्या उभा जातो. ३ च्या पटी खोडल्या की तिसराही जातो. ५ च्या पटी एका बाजूला तिरक्या उतरतात, ७ च्या दुसऱ्या बाजूला. शेवटी २ आणि ३ सोडता उरलेल्या सगळ्या मूळ संख्या पहिल्या आणि पाचव्या रकान्यातच दिसतात. (१ ला आधीच गोल करून बाजूला ठेवा.) अलेक्झांड्रियाच्या एरॅटोस्थेनिसची ही चाळणी सव्वादोन हजार वर्षे जुनी आहे, सहा रकाने ही फक्त मांडणीची सोय. पण इथे सावध राहा. हुशार मूल लगेच म्हणते, ‘मग या दोन रकान्यांतल्या सगळ्या मूळ!’ तसे नाही. २५, ३५, ४९, ५५ तिथेच बसलेल्या असतात.

आता ट्रिक. थोडक्यात, नाही. एका सूत्रात टाकले की मूळ संख्याच बाहेर पडेल, असे हातात धरण्याजोगे सूत्र मोठमोठ्यांनी शोधले आणि ते फसले. ऑयलरचे न × न + न + ४१ हे सूत्र बघा. न च्या जागी ० पासून ३९ पर्यंत काहीही टाका, चाळीसच्या चाळीस वेळा मूळ संख्या येते. चाळीस टाकली की ४० × ४० + ४० + ४१, म्हणजे ४१ × ४१, म्हणजे १६८१, आणि सूत्र आपटते. यूट्यूबवर ‘पाच सेकंदांत प्राइम ओळखा’ म्हणणारे व्हिडिओ असतात, त्यांची ट्रिक बहुधा सहा रकान्यांचीच असते, फक्त ४९ आणि ९१ चे काय ते सांगत नाहीत. बाकी, मोठी संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि वाजवी वेळात ठरवण्याची सर्वसाधारण पद्धत २००२ मध्ये सापडली, तीही आपल्या आयआयटी कानपूरमध्ये. मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना. दोघांचे बीटेक त्याच वर्षी झाले होते. पण ती सहावीच्या वहीत मावणारी नाही.

हे सगळे कशासाठी, असे ती विचारेल, आणि विचारावेच. पुढच्याच धड्यात मसावि-लसावि येतो आणि त्यावर अपूर्णांकांचा संक्षेप उभा राहतो. ५१/८५ हा अपूर्णांक तिच्यापुढे ठेवा. ५१ ला मूळ समजणारे मूल तिथेच थांबते आणि ‘संक्षिप्त आहे’ असे लिहून मोकळे होते. सतराचा पाढा ऐकलेले मूल ३/५ लिहिते. तसेच ९१/१०४. तेराच्या पाढ्यातल्या लागोपाठच्या दोन ओळी, उत्तर ७/८.

त्याच धड्यात ‘सहमूळ’ हा शब्द येईल, वर्गात त्याला को-प्राइम म्हणतील. तो दोन संख्यांच्या नात्याचा शब्द आहे: १ सोडून सामाईक विभाजक नाही, एवढाच अर्थ. ८ आणि ९ सहमूळ आहेत आणि दोघींपैकी एकही मूळ नाही. आत्ताच सांगू नका, आला की सांगा.

क्रम विचाराल तर: आधी बिया, दोन संध्याकाळी पुरे. मग तेरा, सतरा, एकोणीस आणि एकोणतीस हे चारच पाढे, तेही सातव्या ओळीपर्यंत. मग चार भागाकारांची तपासणी. यादी भिंतीवर चिकटवली असेल तर काढून ठेवा, महिनाभर तरी.

त्यानंतर तिला २२१ आणि २२३ या दोन संख्या द्या आणि तुम्ही गप्प बसा. १५ × १५ = २२५, म्हणजे १३ पर्यंतच तपासायचे, हे तिचे तिने काढू दे. २, ३, ५, ७, ११ या पाचांपुढे दोन्ही संख्या सारख्याच तग धरतात. १३ ने भागताना २२१ मध्ये बाकी शून्य येते, २२३ मध्ये दोन उरतात.